शाळेतले मूल आणि पालकांचा जाणण्याचा अधिकार

प्राथमिक शाळेत जाणारे मूल दिवसाचे पाच-सहा तास आईवडिलांच्या नजरेआड असते. त्या वेळात काय घडले हे घरी किती कळावे, कोणी कळवावे आणि कशासाठी कळवावे, हा प्रश्न वरवर पाहता शाळेच्या कामकाजाचा वाटतो. सूचना फलक, रोजनिशी, प्रगतिपुस्तक, पालकसभा आणि अलीकडे वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप ही त्याची साधने. साधने बदलत गेली, तरी त्यांच्या मुळाशी नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न उभा आहे. मूल कोणाचे? ते आईवडिलांचे असेल, तर शाळेने त्याच्याविषयी काहीही दडवणे हा अपहार ठरतो. ते समाजाचे किंवा राज्याचे असेल, तर घरी काही कळवणे ही शाळेची मेहेरबानी ठरते. आणि मूल स्वतःचेच असेल, तर त्याच्या दिवसाची हकिकत दुसऱ्याला सांगण्याआधी शाळेला थोडा विचार करावा लागतो.

भारतीय कायद्याने या प्रश्नाचा एक भाग निकालात काढला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. आईवडील व पालक यांच्या नियमित सभा घेणे, आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यात झालेली प्रगती व मुलासंबंधीची इतर संबद्ध माहिती त्यांना देणे, हे त्यांतले एक. २१व्या कलमाने विनाअनुदानित शाळा वगळून इतर शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. याचा अर्थ असा की, घरी कळवणे हे शिक्षकाच्या स्वभावावर किंवा सवडीवर सोडलेले नाही. हजेरी आणि प्रगती यांविषयी कायदा स्पष्ट आहे. ‘इतर संबद्ध माहिती’ म्हणजे काय, हे मात्र त्याने शाळेच्या विवेकावर सोपवले. मुलाने डब्यातली भाजी टाकून दिली, ते मैत्रिणीशी भांडले, कविता म्हणताना रडले, शेजारच्याचे पेन न विचारता घेतले, शिक्षिकेला घरातली एखादी गोष्ट विश्वासाने सांगितली, यांतले काय घरी जावे आणि काय वर्गात राहावे? हे ठरवायचे तर पालकांचा अधिकार मुळात कुठून येतो हे पाहावे लागते.

पालकांचा अधिकार मालकीतून येतो, ही समजूत सर्वांत जुनी आणि सर्वांत सहज आहे. तिच्या उलट टोकाची कल्पना प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात मांडली. त्याच्या आदर्श नगरातील रक्षकवर्गात कोणते मूल कोणाचे हे आईबापांना कळूच नये. सगळी मुले सगळ्यांची असावीत. अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये यावर घेतलेला आक्षेप आजही पुरेसा आहे. जे सगळ्यांचे असते त्याची काळजी कोणीच नीट घेत नाही. मुलाला ‘माझे’ म्हणणारे माणूस लागते, आणि या अर्थाने मालकीच्या भावनेत सत्याचा अंश आहे. तिचा धोका कुठे सुरू होतो, हे भारतीय परंपरेतील एका अतिपरिचित कथेत फार बारकाईने आले आहे.

भागवताच्या सातव्या स्कंधातील प्रल्हादाची कथा मराठी घरात भक्तीची कथा म्हणून सांगितली जाते. ती एका शाळेचीही कथा आहे. हिरण्यकशिपूने मुलाला शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क यांच्याकडे शिकायला ठेवले. काही दिवसांनी त्याला मांडीवर घेऊन तो विचारतो की, बाळा, तुला सगळ्यांत चांगले काय वाटते ते सांग. शाळेतून आलेल्या मुलाला कोणताही बाप हेच विचारील. प्रल्हाद मनापासून उत्तर देतो की, घरसंसाराचा पाश सोडून हरीला शरण जाणे चांगले. बाप आधी हसतो. लहान मुलाची बुद्धी कोणीतरी फिरवली असे समजून मुलावर नजर ठेवण्याची आज्ञा करतो. शिक्षक प्रल्हादाला जवळ घेऊन गोड बोलून विचारतात की, इतर मुलांना सोडून तुलाच हे कसे सुचले? पुढे ते त्याला राजाच्या पसंतीचे धडे देतात. पुन्हा एकदा आई त्याला न्हाऊमाखू घालून, सजवून बापापुढे आणते. बाप पुन्हा मांडीवर घेतो, त्याचे डोळे भरून येतात, तोच प्रश्न तो पुन्हा विचारतो. या वेळी प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो, आणि त्याच मांडीवरून त्याला खाली फेकले जाते. राजाचा पहिला राग शिक्षकांवर निघतो. ते काकुळतीने सांगतात की, हे आम्ही शिकवलेले नाही, दुसऱ्या कोणीही नाही, ही याची स्वतःची बुद्धी आहे. पुढे एकदा शिक्षक घरकामात गुंतलेले असताना प्रल्हाद सवंगड्यांना आपल्या मनातले सांगतो, मुलांना ते पटते, आणि शिक्षक घाबरून जाऊन राजाला वर्दी देतात. त्या वर्दीनंतर राजा मुलाला स्वतःच्या हाताने मारायला निघतो.

या कथेत बापाचे प्रेम खोटे नाही, आणि शिक्षकांनी दिलेली माहितीही खोटी नाही. वर्गात घडले तेच त्यांनी सांगितले. तरीही ते सांगणे हा अपराध होता, कारण ते भीतीपोटी सांगितले गेले आणि ऐकणारा त्याचे काय करणार हे सांगणाऱ्यांना पुरते माहीत होते. बापाचा दोष त्याच्या प्रश्नात नव्हता. मुलाच्या तोंडून त्याला स्वतःचाच आवाज ऐकायचा होता, आणि दुसरा आवाज ऐकू येताच मूल त्याला शत्रू वाटले. मुलावर मालकी मानणाऱ्या माणसाला मुलाविषयीची प्रत्येक बातमी स्वतःविषयीचीच वाटते. चांगली बातमी त्याचा गौरव होतो, वाईट बातमी त्याचा अपमान. प्रगतिपुस्तकातील एक श्रेणी घसरली म्हणून मुलावर हात उचलणारा पालक याच समजुतीत जगत असतो. अशा घरी काय कळवायचे आणि कसे, याचा विचार शिक्षकाने करणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे.

मालकीपेक्षा पक्का आधार जबाबदारीचा आहे. इमान्युएल कांटने १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिमीमांसेच्या ग्रंथात तो नेमका मांडला. आईवडील एका स्वतंत्र व्यक्तीला तिच्या संमतीवाचून जगात आणतात. म्हणून तिला या जगात राहणे मान्य व्हावे इतपत तिला वाढवणे हे त्यांच्यावर बंधन आहे. मूल ही त्यांनी घडवलेली वस्तू नाही, म्हणून तिचा नाश करण्याचा किंवा तिला दैवावर सोडून देण्याचा हक्कही त्यांना नाही. पालकांचे सगळे अधिकार या बंधनातून निघतात. भारतीय राज्यघटनेत २००२ साली ८६व्या दुरुस्तीने जो भाग आला त्याची रचनाही अशीच आहे. कलम २१क ने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, आणि कलम ५१क मध्ये त्या वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदले. ज्याच्यावर कर्तव्य टाकले त्याला ते पार पाडण्यापुरती माहिती मिळालीच पाहिजे. तिसरीतल्या मुलीला अजून दोन अक्षरे जोडून वाचता येत नाहीत हे आईला ठाऊकच नसेल, तर तिने काय करावे? माहिती न देता पालकांना बेजबाबदार म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो आपल्या शाळांत फार सर्रास होतो.

जबाबदारीचा हा आधार अधिकार देतो आणि त्याला मर्यादाही घालतो. ज्या माहितीने पालकाला मुलासाठी काही करता येते ती त्याला मिळावी. जिने काहीच करता येत नाही, फक्त कुतूहल शमते किंवा राग वाढतो, तिच्यावर त्याचा तसा दावा राहत नाही. ही कसोटी बौद्ध परंपरेत सुंदर रीतीने आली आहे. मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात राजपुत्र अभय बुद्धाला विचारतो की, तथागत कोणाला न आवडणारे वचन बोलतात काय. त्या वेळी अभयच्या मांडीवर तान्हे मूल असते. बुद्ध त्यालाच उलट विचारतात की, या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील. अभय म्हणतो, काढीन; लगेच निघाला नाही तर एका हाताने डोके धरून, दुसऱ्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरी काढीन, कारण मला बाळाची दया आहे. त्यावरून बुद्ध आपल्या बोलण्याचा नियम सांगतात. जे खरे नाही ते बोलायचे नाही. जे खरे आहे पण हिताचे नाही तेही बोलायचे नाही. जे खरे आणि हिताचे आहे ते आवडो वा न आवडो, योग्य वेळ पाहून बोलायचे. हिरण्यकशिपूच्या मांडीवर मूल होते आणि अभयच्याही मांडीवर मूल होते. शाळेने घरी काय कळवावे याचा विचार या दोन मांड्यांमधला फरक लक्षात ठेवून करता येतो.

शाळेच्या बाजूनेही एक विचार आहे, आणि तो पालकांना सहसा रुचत नाही. शाळा ही घराची शाखा नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल १८०८ ते १८१६ या काळात न्युरेम्बर्ग येथे एका शाळेचा मुख्याध्यापक होता, आणि शाळेच्या वार्षिक समारंभांत पालकांसमोर भाषणे करत असे. १८११ च्या भाषणात त्याने शाळेला कुटुंब आणि बाहेरचे जग यांच्या मधली जागा म्हटले. घरी मुलावर प्रेम होते ते केवळ ते आपले आहे म्हणून. त्यासाठी त्याला काही करून दाखवावे लागत नाही. जगात माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरते. या दोन टोकांमध्ये शाळा मुलाला हळूहळू घेऊन जाते. तिथे ते पहिल्यांदा इतरांमधले एक असते, स्वतःच्या कृतीने ओळखले जाते. हॅना आरेंट या विचारवंत स्त्रीने १९५०च्या दशकात शिक्षणावर लिहिताना या विचाराला दुसरी बाजू जोडली. वाढणाऱ्या जीवाला जगाच्या प्रखर उजेडापासून आडोसा हवा असतो, आणि हा आडोसा घराच्या चार भिंती देतात. तिच्या म्हणण्याचा धागा थोडा पुढे नेला तर असे म्हणता येते की, मुलाला कधीकधी घराच्या नजरेपासूनही आडोसा लागतो. चूक करणे, ती सुधारणे, भांडणे, मिटवणे, हे सगळे आईबाबा बघत नसताना करून पाहण्याची पहिली जागा म्हणजे वर्ग. वर्गातली प्रत्येक हालचाल संध्याकाळपर्यंत घरी पोचणार हे मुलाला ठाऊक झाले, तर ती जागा नाहीशी होते. मग त्याला शाळेतही घरातच राहावे लागते.

मुलाच्या या स्वतःच्या जागेचा अर्थ शाळेने गप्प राहावे असा कधीही होत नाही. पहिला विषय सुरक्षिततेचा. मुलाच्या शरीराला किंवा मनाला इजा झाली, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर घरी तत्काळ आणि पूर्ण सांगणे हे बिनशर्त कर्तव्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने असा अपराध कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना खबर देण्याचे बंधन घातले आहे. हाताखालच्या माणसाने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेला अत्याचार उघडकीस आला, तो मुलीने घरी सांगितल्यामुळे. त्यानंतर शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या यांविषयी राज्य शासनाने आदेश काढले. ते आवश्यक होते. पण कॅमेऱ्याने जे दाखवले नाही ते एका लहान मुलीने सांगितले, ही गोष्ट शाळांनी आणि पालकांनी फार गंभीरपणे घ्यावी. शाळेची अब्रू, संस्थेचे नाव, मान्यता, प्रवेशसंख्या यांतले एकही कारण अशा वेळी गप्प बसण्यासाठी पुढे करता येत नाही. इथे मौन पाळणारा शिक्षक आणि मुख्याध्यापक मुलाशी द्रोह करतात.

शिकण्याविषयीची माहिती हा दुसरा विषय, आणि इथे कसोटी सत्याची आहे. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. एकाच परीक्षेऐवजी आकारिक आणि संकलित अशा दोन प्रकारे वर्षभर मूल्यमापन करायचे, गुणांऐवजी अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेणी द्यायच्या, आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, अशी तिची रचना. प्रगतिपुस्तकात विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने आले. यामागची कल्पना उदात्त होती. मुलाचे माणूसपण एका आकड्यात मावत नाही, हे सरकारी कागदाने मान्य केले. प्रत्यक्षात काय झाले ते शिक्षकांना आणि पालकांना सारखेच माहीत आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या, आणि ‘वर्गात लक्षपूर्वक ऐकतो’, ‘चित्रकलेची आवड आहे’, ‘गणितात सरावाची गरज’ अशी वाक्ये एका मुलाच्या पुस्तकातून दुसऱ्याच्या पुस्तकात जाऊ लागली. चाळीस-पन्नास मुले, अनेक विषय आणि दोन सत्रे यांचा गुणाकार केला की शिक्षकाची अडचण कळते; तिच्याकडे दुर्लक्ष करून त्याला दोष देणे सोपे आहे. तरी परिणाम परिणामच राहतो. आईच्या हातात जे पुस्तक पडते त्यात तिच्या मुलाचे नाव असते, मूल नसते. ‘ब-२’ ही श्रेणी ६१ ते ७० टक्क्यांची आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते, आणि त्या श्रेणीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी येते का, याचे उत्तर तिला तिथे सापडत नाही.

अशा नोंदीत खोटे काही नसते, म्हणून तिला असत्य म्हणता येणार नाही, पण तिला सत्यही म्हणता येत नाही. सत्य विशिष्ट असते. ‘मीना जोडाक्षरांशी अडखळते, साधा मजकूर न थांबता वाचते, गोष्ट ऐकली की ती पूर्ण सांगते’ असे एक वाक्य आईला पुढच्या महिनाभराचे काम देते. मूल मागे पडले आहे हे कटू सत्य गोड शब्दांत बुडवून टाकणे ही दया नाही. आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण होते त्या काळात घरी प्रामाणिकपणे सांगण्याची गरज उलट वाढली होती, कारण वरच्या वर्गात ढकललेल्या मुलाचे आईवडील ते शिकले आहे असेच धरून चालत होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पाचवीच्या अखेरीस पालकाला पहिल्यांदाच वस्तुस्थिती कळत असेल, तर आधीची चार वर्षे त्याला फसवले गेले, असेच म्हणावे लागते.

तिसरा विषय वर्गातल्या रोजच्या जगण्याचा, म्हणजे मैत्री, भांडणे, खोड्या, भीती, हट्ट यांचा. इथे सर्वांत अधिक संयम हवा, आणि सर्वांत कमी संयम सध्या इथेच दिसतो. मोबाइलवरच्या ग्रुपवर गृहपाठ न केलेल्यांची यादी टाकली जाते, ती चाळीस घरांत वाचली जाते. कवितागायनाची चित्रफीत टाकली जाते, त्यात मागच्या रांगेतले मूल अडखळलेले दिसते. एका मुलाने दुसऱ्याला चावल्याची तक्रार खुल्या ग्रुपवर येते, आणि दोन कुटुंबे वैरी होतात. मुले तोवर पुन्हा एकत्र खेळायला लागलेली असतात. भारताने १९९२ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलाच्या खासगीपणाचा आणि त्याच्या प्रतिष्ठेच्या रक्षणाचा हक्क आहे. त्यात वयाची अट नाही. सात वर्षांच्या मुलालाही चारचौघांत लाज वाटते, आणि ती लाज मोठ्यांच्या लाजेपेक्षा लहान नसते. एका मुलाची गोष्ट त्या मुलाच्याच घरी जावी, ग्रुपवर जाऊ नये, एवढा नियम शाळांनी पाळला तरी पुष्कळ अपाय टळेल.

रोजच्या जगण्याविषयी सांगण्याचा पहिला हक्क मुलाचा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, बाराव्या वर्षी शिकायला पाठवतो. चोविसाव्या वर्षी तो सर्व वेद शिकून, गर्वाने ताठ होऊन परततो. बारा वर्षांत काय चालले होते हे बापाने गुरूंकडून मागवल्याचा उल्लेख नाही. तो मुलाकडे पाहतो, त्याच्या वागण्यातला ताठा ओळखतो आणि त्यालाच विचारतो की, ज्याने न ऐकलेले ऐकलेले होते ती शिकवण तू मागितलीस का? श्वेतकेतू म्हणतो, माझ्या गुरूंना ती नक्कीच ठाऊक नसणार, नाहीतर त्यांनी मला सांगितली असती, आपणच सांगा. आणि बाप समोर बसून शिकवू लागतो. वडाचे फळ फोडायला लावतो, मीठ पाण्यात विरघळवून चाखायला लावतो. शाळेत काय राहून गेले हे त्याने मुलाशी बोलूनच शोधले, आणि दोष देत न बसता ते पुरे केले. संध्याकाळी जेवताना ‘आज काय शिकवलं?’ असे विचारल्यावर मूल ‘काही नाही’ म्हणते, तेव्हा पालक ग्रुप उघडतो. ग्रुपवर उत्तर मिळते, पण ज्या बोलण्यातून मुलाला आपला दिवस सांगायची सवय लागते ते बोलणे मात्र बंद पडते. आणि अडचणीच्या दिवशी, जेव्हा मुलाने घरी सांगण्यावरच सगळे अवलंबून असते, तेव्हा ती सवय नसणे महाग पडते.

आतापर्यंतचा विचार ज्यांच्या हातात फोन आहे आणि ज्यांना शाळेची मराठी वाचता येते अशा घरांना लागू पडतो. महाराष्ट्रातील लाखो मुलांची घरे तशी नाहीत. मेळघाटात घरची भाषा कोरकू, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार साखर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुले कधी आजीकडे, कधी हंगामी वसतिगृहात राहतात, कधी शिक्षण हमी कार्ड घेऊन फडाजवळच्या शाळेत बसतात. घरात एकच फोन असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. अशा पालकाविषयी ‘ते लक्षच देत नाहीत’ हे वाक्य शिक्षककक्षात सहज निघते. पालकसभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवली जाते, तिला येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणे असते, आणि न येणाऱ्याची गणना बेफिकिरांत होते.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत असे सुचवले होते. जे लोकांत मिसळतात त्यांनाच लोकांच्या गरजा कळतात, असे त्यांचे म्हणणे होते. पालकाला माहिती मिळण्याचा प्रश्न त्यांनी अंतराचा प्रश्न म्हणून पाहिला, आणि ते निदान आजही अचूक आहे. ज्या शिक्षकापुढे उभे राहायला आईला संकोच वाटतो त्याच्याकडून तिला कागद मिळेल, माहिती मिळणार नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे केले ते या अंतरावरचे सर्वांत धाडसी उत्तर होते. त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. शाळा दारात आली की आई भाकरी थापताना ती बघते; तिला वेगळे कळवावे लागत नाही. अलीकडच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांत मूल आईसमोरच रंग ओळखते, वस्तू मोजते, उड्या मारते, आणि त्याला काय येते ते ती स्वतः पाहते. हीच दिशा बरोबर आहे. न वाचता येणाऱ्या आईलाही आपल्या मुलाचे वाचन ऐकता येते. तिला वर्गात बसवून तिच्यासमोर मुलाला एक पान वाचायला सांगावे. त्या पाच मिनिटांत प्रगतिपुस्तकापेक्षा अधिक कळते.

माहिती उलट दिशेनेही जाते, आणि तिथेही हीच नीती लागू आहे. प्रवेशाच्या वेळी शाळा घराविषयी पुष्कळ विचारते. सत्यकाम जाबालाची उपनिषदातील कथा एका प्रवेशाचीच कथा आहे. गोत्र विचारल्यावर आईने सांगितलेले खरे, म्हणजे त्याचे गोत्र तिलाच ठाऊक नाही हे, तो गुरूला जसेच्या तसे सांगतो, आणि हारिद्रुमत गौतम त्या खरेपणावरच त्याला शिष्य करून घेतात. ती आई खरे सांगू शकली आणि मुलाला ते सांगायची लाज वाटली नाही, कारण ऐकणारा त्या तोलाचा होता. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय एकट्या आईला दाखल्याच्या खिडकीपाशी होणारा त्रास काहीसा कमी करील. पालकांनी शाळेला घरातले खरे सांगावे असे वाटत असेल, तर ते वर्गात उच्चारले जाणार नाही, याची हमी शाळेला द्यावी लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर त्यात सवंगड्यांचे आणि मुलाचे स्वतःचेही मूल्यमापन असावे, असे धोरण म्हणते. हा शेवटचा भाग शाळांनी औपचारिक रकाना म्हणून भरून टाकू नये. तिसरीचे मूल स्वतःविषयी दोन वाक्ये लिहू शकते. पहिलीचे मूल ती सांगू शकते आणि शिक्षिका लिहून घेऊ शकते. शिक्षिकेने आपली नोंदही घरी पाठवण्याआधी मुलाला वाचून दाखवावी, आणि पालकांनी सही करण्याआधी मुलाची दोन वाक्ये त्याच्याकडूनच वाचून घ्यावीत.